मुलाणी पंगतीत कुठं बसायचा?

पत्र थोडक्यात असं. पत्र लिहिणाऱ्या बाई सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यातल्या, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. सहा वर्षं खपून त्यांनी पहिली कादंबरी लिहिली आहे आणि विषय त्यांच्याच गावचा आहे. गावात वर्षातून दोनदा बकरी पडायची, चैत्रात भैरोबाच्या जत्रेला आणि पिराच्या उरुसात कंदुरीला, म्हणजे पिराच्या नावानं बकरं कापून घालायच्या जेवणाला. दोन्हीकडं सुरी मुलाण्याच्या, म्हणजे बकरी कापायचं काम ज्याच्याकडं असतं त्या मुसलमान बलुतेदाराच्या हातात. त्याबदल्यात मटणाचा वाटा आणि सुगीला धान्य. काही वर्षांपूर्वी यात्रा कमिटीनं ठरवलं की जत्रेची बकरी आता मुलाण्यानं कापायची नाहीत, तालुक्याहून माणूस आणायचा. मारामारी झाली नाही, पोलीस आले नाहीत. पुढच्या उरुसाला पिराच्या माळावर तीन चुली पेटल्या. एरवी चाळीस पेटायच्या. मुलाण्याच्या धाकट्या मुलानं दुकान उचललं आणि पुण्याला नेलं.

कादंबरी त्या घराची आहे. त्या घरातली मुलगी बाईंची शाळेपासूनची मैत्रीण. ती आता भोसरीला असते, आईवडील अजून गावातच. बाईंचा भाऊ येत्या ग्रामपंचायतीला उभा राहणार आहे आणि त्याचं म्हणणं, "हे छापलंस तर आपल्याला गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही." प्रकाशक तयार आहेत, त्यांना दिवाळीच्या आत पुस्तक हवंय. मैत्रीण फोनवर एवढंच म्हणाली, "लिही तू. पण अब्बा-अम्मा तिथंच राहतात, तेवढं ध्यानात ठेव. आणि अम्माला कळलं तर ती पहिलं विचारेल, मलिदा कसा करतात ते तरी नीट लिहिलंय का."

बाईंचे प्रश्न चार: छापू का? टोपणनावानं छापू का? गावाचं नाव बदललं तर भागेल का? आणि केस होईल का?

*

तुमचं पत्र आधी नुसतं वाचलं, मग पेन्सिल घेऊन वाचलं. दुसऱ्यांची हस्तलिखितं वाचण्यात बावीस वर्षं गेली, त्यामुळं हात आपोआप पेन्सिलीकडं जातो. पहिली खूण केली ती 'गाव' या शब्दावर. गाव काय म्हणेल, गाव पेटेल, गावाला तोंड कसं दाखवू. चार पानांत हा शब्द इतक्यांदा आलाय की शेवटी मी मोजणं सोडलं.

तर आधी एक कागद घ्या आणि 'गाव' म्हणजे कोण कोण, त्यांची नावं लिहा. सरपंच, यात्रा कमिटीचे ते पाच-सात जण, चुलते, भावाच्या पॅनेलमधली पोरं, शाळेतले सहकारी. नावासमोर लिहा, हा माणूस चिडेल का, आणि कशावर? माझा अंदाज आहे की यादी पंधराच्या पुढं जाणार नाही. आणि देवाधर्मावरून चिडणारे त्यात फार थोडे निघतील. बाकीचे चिडतील ते 'त्या बैठकीत मी काय बोललो ते हिनं लिहिलं' यावरून. या दोन रागांचं औषध वेगवेगळं असतं. तुम्ही दोन्हींना धार्मिक भावना म्हणून एका गाठोड्यात बांधलंय, म्हणून ते उचलवत नाहीये.

यादीत नसलेल्या माणसांची भीती मात्र खोटी नाही. तमिळ लेखक पेरुमाळ मुरुगन यांची 'मादोरुबागन' ही कादंबरी 2010 साली आली. तिरुचेंगोडच्या अर्धनारीश्वराच्या रथोत्सवाभोवतीची, मूल नसलेल्या एका शेतकरी जोडप्याची गोष्ट. चार वर्षं ती लोकांनी वाचली, कुणी चकार शब्द काढला नाही. मधल्या काळात इंग्रजी भाषांतर आलं, आणि 2014 च्या डिसेंबरात एकदम गदारोळ उठला. मोजकी पानं वेगळी काढून वाटली गेली, प्रती जाळल्या, गावात बंद पाळला गेला. जानेवारी 2015 मध्ये प्रशासनानं 'शांतता बैठक' बोलावून लेखकाकडून बिनशर्त माफी लिहून घेतली. त्यावर त्यांनी फेसबुकवर जाहीर केलं की लेखक पेरुमाळ मुरुगन मेला. पुढं 5 जुलै 2016 ला मद्रास उच्च न्यायालयानं त्या बैठकीत लिहून घेतलेलं बंधनकारक नाही असं सांगितलं आणि निकाल संपवताना त्यांना पुन्हा लिहायला सांगितलं. मधलं दीड वर्ष त्यांना कुणी परत दिलं नाही, ही गोष्ट वेगळी. आपल्याकडंही 2009 च्या महाबळेश्वर साहित्य संमेलनाचे निवडून आलेले अध्यक्ष आनंद यादव यांना तुकाराम महाराजांवरच्या कादंबरीवरून संमेलनाआधीच पद सोडावं लागलं होतं.

मुरुगन यांची हकिगत तुम्हाला घाबरवायला सांगितली नाही. त्यातली 'मोजकी पानं' मला महत्त्वाची वाटतात. कादंबरीवर राग धरणारे कादंबरी वाचत नाहीत, पान वाचतात. आज तर त्या पानाचा फोटो निघून वीस मिनिटांत तालुकाभर फिरतो. म्हणून तुमच्या हस्तलिखितातली अशी दोन-तीन पानं तुम्हीच शोधून काढा. ती काढून टाका असं मी म्हणत नाही. एवढंच बघा, की ते पान फाडून एकटं उभं केलं तर त्याच्यातली माणसं पूर्ण दिसतात का. जत्रेच्या बैठकीत जो म्हणतो की 'आपल्या देवाला आपलाच माणूस पाहिजे', त्याच्या बोलण्यात नुसता द्वेष आहे, की त्याच पानावर त्याच्या आईनं पिराला केलेला नवसही आहे? दुसरं असेल तर ते पान लेखनाच्या बाजूनं सरस आणि तुमच्या बाजूनं सुरक्षित. असा दुहेरी फायदा या धंद्यात क्वचित होतो, तो सोडू नका.

दुसरी खूण एका वाक्यावर आहे. तुम्ही लिहिलंय, "त्याआधी गावात सगळे गुण्यागोविंदानं नांदत होते." बाई, एक विचारते. जत्रेच्या पंगतीत मुलाणी कुठं बसायचा?

खरंच आठवून बघा. पहिल्या पंगतीत की शेवटच्या? ओळीत, की पलीकडं लिंबाखाली? त्याचा वाटा पानात वाढायचे, की घरून आणलेल्या डब्यात घालून द्यायचे? त्याच्या बायकोला हळदीकुंकवाच्या दिवशी तुमच्या आईनं घरात बोलावलं होतं, की पायरीवरच बोलणं व्हायचं? उत्तरं मला माहीत नाहीत. गावागणिक ती वेगळी असतात. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावला मोहरमचे उंचच उंच ताबूत निघतात, त्यांचे मान हिंदू आणि मुसलमान अशा दोन्हींकडच्या घरांत वाटलेले आहेत आणि भेटीच्या दिवशी अख्खा गाव रस्त्यावर असतो. ते खरं आहे आणि डोळ्यांत पाणी आणणारं आहे. पण मान वेगळा आणि बरोबरी वेगळी. मुलाण्याची सुरी हा त्याचा मान होता तसं ते त्याच्या घरावरचं कामही होतं, आणि बलुत्याच्या कामाला 'नको' म्हणायची सोय नसते. कमिटीनं सुरी काढून घेतली त्या दिवशी त्या घरातलं कुणी क्षणभर सुटल्यासारखं झालं असेल का? धाकट्या मुलाला पुण्याला जायला निमित्त मिळालं असेल का? हे तुम्ही विचारलं नसणार, कारण तुमच्या कादंबरीला आधी सोन्यासारखं गाव आणि मग त्याला लागलेली कीड हवी आहे. ही मांडणी वाचकाला लगेच पटते. म्हणूनच मला ती संशयास्पद वाटते.

विषय शिळा झालाय असं मात्र कुणी म्हणाल्यास ऐकू नका. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मढीच्या कानिफनाथ यात्रेत मुसलमान व्यापाऱ्यांना दुकानं लावू देऊ नयेत असा ठराव 2025 मध्ये तिथल्या ग्रामसभेत झाला, आणि तो नियमबाह्य ठरवायला प्रशासनाला मध्ये पडावं लागलं. तिथं निदान ठराव तरी कागदावर होता. तुमच्या गावात जे झालं ते कुठंच नोंदलेलं नाही. एक माणूस बदलला, सदतीस चुली विझल्या, बस्स. ज्याची फिर्याद नाही आणि पंचनामाही नाही, असल्या गोष्टीसाठीच कादंबरी लागते.

आता नावं बदलण्याचं. बदला. पण त्यावर फार विसंबू नका. मी तिशीत असताना एक कथा लिहिली होती, माहेरच्या वाड्यातल्या एका विधवा काकूंवर. गाव बदललं, आडनाव बदललं, दोन मुलांच्या जागी एक मुलगी केली, कोकणातला पाऊससुद्धा आणून ओतला. अंक घरी आला आणि माझ्या आत्यानं दुसऱ्या पानावर बोट ठेवलं: "ही तर आपली काकू." कशावरून, म्हटलं. तर कथेतली बाई अडकित्ता डाव्या हातात धरते आणि सुपारी कातरताना ओठ आवळते. मी सगळं बदललं होतं, एक अडकित्ता तेवढा काकूंचा राहिला होता. काकू पुढं दोन वर्षं माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि त्यांचं बरोबर होतं. कथेत मी त्यांच्या दागिन्यांच्या भांडणाची गोष्ट घातली होती, ती त्यांनी मला एका दुपारी विश्वासानं सांगितलेली.

तेव्हा गावाचं नाव काय ठेवता याला फार अर्थ नाही. तुमच्या मैत्रिणीच्या वडिलांचा अडकित्ता कोणता, ते शोधा. सुरीला धार लावायची त्यांची पद्धत, बकऱ्याला आधी पाणी पाजताना ते काय पुटपुटतात, असं काहीतरी. कोणतं ठेवायचं आणि कोणतं दुसऱ्या माणसाला द्यायचं, हे एकेक करून ठरवा. एक सोपी कसोटी: जे चव्हाट्यावर सगळ्यांनी पाहिलं ते गावाचं, म्हणून तुमचंही. जे त्या घराच्या चुलीपाशी तुमच्या कानावर आलं, ते विचारल्याशिवाय घ्यायचं नाही.

केसचं लवकर उरकते. धार्मिक भावना दुखावण्याचं कलम म्हणजे आताच्या भारतीय न्याय संहितेतलं 299, जुन्या दंडविधानातलं 295-अ. त्यासाठी बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट उद्देशानं धर्माचा अपमान केला असं दाखवावं लागतं, आणि सरकारच्या मंजुरीशिवाय न्यायालय त्याची दखल घेऊ शकत नाही. म्हणजे तक्रार कुणीही करेल, त्रासही होईल, पण खटला उभा राहणं सोपं नाही. तुमच्या बाबतीत मला बदनामीचं कलम, 356, जास्त लागू वाटतं. ओळखू येणाऱ्या माणसाच्या तोंडी तुम्ही काय घालता, त्याच्याकडून कोणता गैरव्यवहार करवता, तिथं सांभाळा. कमिटीच्या वर्गणीत अफरातफर झाली असं तुमच्या तेराव्या प्रकरणात आहे म्हणता. ती गोष्टीला लागतेच का? मला तर ती रागातून आलेली दिसते. 'सर्व पात्रे काल्पनिक' एवढी ओळ छापली की काम झालं, असं समजू नका. एखाद्या वकिलाला हस्तलिखित वाचायला द्या, पुस्तकं वाचणारा असेल तर उत्तम. नोकरी जिल्हा परिषदेची आहे, तर वर्तणूक नियमांत प्रकाशनाबद्दल काय लिहिलंय ते पाहा आणि कार्यालयाला लेखी कळवून पोच घेऊन ठेवा. पुढं कुणी खोडी काढायची झाली तर पहिली तिथून काढतात.

टोपणनावाबद्दल तुम्ही संकोचानं विचारलंय, जणू तो भित्रेपणा आहे. भित्रेपणा वगैरे काही नाही, कितीतरी चांगल्या माणसांनी टोपणनावानं लिहिलं. पण तुमच्या बाबतीत त्याचा उपयोग कुणाला, ते बघा. पुस्तक निघाल्यावर आठवडाभरात गावाला कळेल कुणी लिहिलं. मास्तरकी करून लिहिणारी गावची लेक एकच. आणि नाही कळलं तरी झाकलं जाईल तुमचं घर. मुलाण्याचं घर पहिल्या पानापासून उघडंच राहणार.

मुद्दा हाच आहे, आणि तो तुमच्या मैत्रिणीनं एका वाक्यात सांगितला. अब्बा-अम्मा तिथंच राहतात. तुम्ही पत्रभर विचारता आहात की छापायचं धाडस मी करू का. पण या धाडसाचं बिल तुमच्या पत्त्यावर येणार नाही. भाऊ फार तर एक निवडणूक हरेल, तुम्ही चार महिने टोमणे खाल. सत्तरीतला तो म्हातारा पुढच्या उरुसाला पिरापाशी ऊद घालायला जाईल तेव्हा त्याला कुणीतरी विचारेल, 'काय मुलाणी, बाईला सगळं तुम्हीच सांगितलं का?' त्यावर त्यानं काय म्हणायचं?

म्हणून छापूच नका, असं मी म्हणणार नाही. पत्राच्या तिसऱ्या पानावर, कडेला, वेगळ्या शाईत तुम्ही लिहिलंय, "वडील त्या बैठकीत होते. त्या रात्री घरी आले, पटका खुंटीला अडकवला आणि भाकरी नको म्हणाले." आणि खाली, "ते जाऊन तीन वर्षं झाली." पत्रासोबत तुम्ही कादंबरीचा आठ पानी सारांश जोडलाय. तो मी शेवटपर्यंत वाचला. त्यात वडील नाहीत. कमिटीत सात जण आहेत, सातही जणांना नाव आहे, आवाज आहे. भाकरी न खाता झोपलेला माणूस त्यात कुठंच नाही.

तुम्ही सहा वर्षं दुसऱ्याच्या घराचं दु:ख लिहीत होता, मन लावून लिहीत होता, याबद्दल शंका नाही. पण ज्या घरात तुम्हाला कुणाची परवानगी न विचारता शिरता येतं, ज्याची भिंत न भिंत माहीत आहे, ते घर तुम्ही बाहेरून कुलूप लावून ठेवलंत. वडील त्या बैठकीत काय बोलले? हात वर केला, की गप्प बसले? मुलाण्याच्या दारात नंतर कधी गेले का? आणि तुम्ही तेव्हा तिशी ओलांडलेल्या होता, त्यांना विचारलंत का? मला वाटतं, ही कादंबरी मुलाण्याच्या अंगणातून उचलून तुमच्या ओसरीवर आणावी लागेल. गोष्ट तीच, सुरी तीच, चुलीही तीनच. फक्त बघणारे डोळे त्या घरातल्या मुलीचे नसतील, कमिटीतल्या माणसाच्या मुलीचे असतील. मग ओळखू यायचं ते घर तुमचं असेल, आणि प्रश्न विचारले जातील ते तुम्हाला. भाऊ आत्तापेक्षा जास्त चिडेल, याची तयारी ठेवा. कायद्यानं दिवंगत माणसाचीही बदनामी होऊ शकते, घरच्यांच्या भावना दुखावण्याचा उद्देश असेल तर. पण वडिलांवर राग धरून लिहिणं आणि वडिलांना समजून घ्यायला लिहिणं यातला फरक वाचणाऱ्याला कळतो, भावालाही कळेल. छापण्याआधी त्याला वाचायला द्या. मत विचारा, मंजुरी मागू नका. निवडणूक होईपर्यंत थांबायला काहीच हरकत नाही. फेरलेखनाला तुम्हाला निदान वर्ष लागणार आहे, त्यामुळं दिवाळीचं गणित तसंही गेलं.

प्रकाशकांना हे कळवाल तेव्हा दोन गोष्टी लेखी मागून घ्या. नोटीस आली तर वकिलाचा खर्च कोण करणार, हे करारात यायला हवं. बऱ्याच करारांत सगळी जबाबदारी लेखकावर ढकललेली असते आणि पहिल्या पुस्तकाच्या आनंदात ते कलम कुणी वाचत नाही. दुसरं, मुखपृष्ठ आणि मलपृष्ठावरचा मजकूर तुम्ही पाहिल्याशिवाय छापायचा नाही. त्यांनी सुचवलेली ओळ तुम्ही पत्रात दिली आहे, 'धर्माच्या वणव्यात होरपळणाऱ्या गावाची दाहक कहाणी'. तुमच्या गावात वणवा कुठं लागला होता? चुली विझल्या होत्या.

आणि भोसरीला जाऊन या. फोनवर नको, पीडीएफ पाठवून तर मुळीच नको. त्यांच्या घराबद्दलची जी पानं शेवटी उरतील ती कागदावर घेऊन जा आणि तिच्यासमोर बसून वाचा. 'लिही तू' हा तिचा होकार तुम्ही धरून चालला आहात. माझ्या मते तो अर्धा होकार आहे, उरलेला अर्धा तिच्या आईवडिलांकडं आहे आणि तो मागायला तुम्हाला गावात त्यांच्या उंबऱ्यावर जावं लागेल. ते एखादं पान काढ म्हणाले तर वाद घालू नका, काढा. सगळंच नको म्हणाले, तर तुमच्या ओसरीवरून जेवढं दिसतं तेवढंच लिहा. ते थोडं नाही.

जाताना मलिद्याचं विचारून घ्या. तुमच्या सारांशात पोळ्या कुस्करून त्यात गुळाचा पाक ओततात. माझ्या माहितीतल्या घरात गूळ किसून घालायचे आणि पाक म्हटलं की हसायचे. अम्मांच्या घरी काय करतात, ते त्याच सांगतील.